जम्पसूट : निवडलेला आणि लादलेला

१/
१७ जून १९२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या 'ला नात्सिओने' या दैनिकाने वाचकांच्या हाती एक अनपेक्षित वस्तू ठेवली : कपड्याच्या बेतणीचा नमुना. त्याप्रमाणे कापड कापावे, मोजक्या सरळ शिवणी घालाव्यात, पुढे बटणे लावावीत, कमरेला पट्टा बांधावा, की सदरा आणि विजार यांचा एकच अखंड पोशाख तयार. कोणालाही घरच्या घरी शिवता यावा, अशी रचनाकाराची इच्छा होती. आज मॉलच्या काचेआड उभा असलेला जम्पसूट ज्यांचा वंशज आहे, त्यांतला हा एक महत्त्वाचा पूर्वज. (थ्रेड)

२/
जम्पसूटविषयी बहुधा दोनच प्रकारचे लेखन आढळते. एकात सत्तरच्या दशकातील झगमगाट असतो; दुसऱ्यात कोणत्या बांध्याला कोणता नमुना शोभेल याचे सल्ले. मात्र ज्या प्रश्नाने या पोशाखाचा सारा इतिहास उलगडतो, तो दोन्हींत विचारला जात नाही : हा पोशाख कोणी स्वतः निवडला आणि कोणाच्या अंगावर तो चढवला गेला? या थ्रेडचे प्रतिपादन असे की, हा प्रश्न विचारल्याशिवाय जम्पसूट समजत नाही. आणि तो नीट कसा घालावा याचे उत्तरही त्याच इतिहासात सापडते.

३/
आरंभ फ्लॉरेन्सच्या बराच आधी आणि मराठी वाचकाच्या अगदी जवळ होतो. मुंबईतील डोंगरी भागाच्या नावाशी जाड्याभरड्या सुती कापडाचा एक प्रकार जोडला गेला. युरोपीय व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत हे कापड सतराव्या शतकापासून दिसते. स्वस्त, टिकाऊ आणि मळखाऊ. जहाजांवरील खलाशांच्या विजारी त्याच्या होऊ लागल्या आणि इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द रुळला. पुढे तो कापडावरून कपड्यावर सरकला. भारतीय लष्करात अंगभर घालायच्या कामाच्या पोशाखाला आजही 'डांगरी' म्हणतात. डोंगरीहून निघालेला शब्द सातासमुद्रापार जाऊन वेगळ्या उच्चाराने घरी परतला, याची आठवण मात्र फारशी कोणाला नाही.

४/
कापड मिळाले, अखंड पोशाख यंत्रयुगाने दिला. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये शिरून काजळी आणि राख खरवडणाऱ्या कामगाराची अडचण साधी होती. वाकले की सदरा विजारीतून वर सरकतो आणि उघड्या कमरेतून राख आत जाते. कारखान्यात धोका त्याहून मोठा, कारण सुटे टोक फिरत्या पट्ट्यात अडकले तर माणूसच ओढला जाई. वरचा आणि खालचा कपडा कमरेशी शिवून टाकणे हा त्यावरचा उपाय. 'बॉयलर सूट' हे नाव तिथूनच आले. या पोशाखात प्रथम सौंदर्याचा विचार नव्हता. कमरेची फट बुजवायची होती, एवढेच.

५/
१९१३ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील ली कंपनीने 'युनियन-ऑल' नावाचा तयार पोशाख बाजारात आणला. जाकीट आणि विजार यांची कमरेशी सांधणी केलेला हा कपडा यांत्रिक, वाहनचालक, शेतकरी अशा सर्वांनी उचलला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातही तो पोहोचला. योगायोग असा की त्याच वर्षी गिडियन सुंडबॅक यांनी आधुनिक झिपची रचना सिद्ध केली. गळ्यापासून खालपर्यंत एका ओढीत उघडणारा जम्पसूट पुढे या झिपमुळेच शक्य झाला. अखंड कपड्याचा खरा पेच तो अंगावर कसा राहील हा नसतो, अंगातून लवकर कसा निघेल हा असतो.

६/
जमिनीवरून हा पोशाख आकाशात गेला तो थंडीमुळे. ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेतील ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन पहिल्या महायुद्धाच्या एका हिवाळ्यात इंजिनदुरुस्तीच्या तेलकट ओव्हरऑलमध्येच घाईने उड्डाणाला गेला. उघड्या विमानातून परतलेले सहकारी गारठून गेले होते. त्याला मात्र तितकीशी थंडी वाजली नव्हती. कापडात मुरलेल्या तेलाने आणि वंगणाने वारा अडवला होता. या निरीक्षणातून १९१७ साली 'सिडकॉट सूट' तयार झाला : आत पातळ फरचे अस्तर, मध्ये वारा रोखणारे रेशीम, बाहेर घट्ट विणीचे कापड. पुढील कित्येक वर्षे वैमानिकांनी तो वापरला.

७/
'जम्पसूट' या नावातील 'जम्प' म्हणजे उडी, तीही हवाई छत्रीने घेतलेली. विमानातून झेप घेणाऱ्याच्या अंगावर फडफडणारे, दोरीत गुंतणारे काहीही असता कामा नये, म्हणून हा आवळलेला पोशाख. बॉयलर, इंजिन, विमान आणि छत्री या चारही ठिकाणी कारण एकच दिसते. माणूस धोक्याच्या जागी उभा आहे आणि कपडा त्याला सांभाळतो आहे. पुढच्या काळात फॅशनने यातील आकार उचलला आणि धोका मागेच राहिला. ही देवाणघेवाण नेमकी कुठे झाली, हे पाहण्यासाठी पुन्हा फ्लॉरेन्सला जावे लागते.

८/
वर्तमानपत्रातून कागदी नमुना देणाऱ्या कलावंताचे नाव एर्नेस्टो मिकाहेलेस. कलाजगतात तो 'थायात' या टोपणनावाने ओळखला जाई. महायुद्ध संपले होते, इटलीत महागाई होती, कापड परवडत नव्हते. भाऊ रुज्जेरो याच्या साथीने १९१९ साली त्याने इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा अखंड पोशाख रचला आणि त्याला 'तूता' म्हटले. इटालियनमध्ये 'तुत्ता' म्हणजे सगळी, संपूर्ण. त्या शब्दातील एक 'टी' गळाला तो कपड्याच्या आकारात सापडतो, अशी त्यामागची खेळकर कल्पना. कापड वाया जाऊ नये आणि श्रीमंत-गरीब एकाच वेषात दिसावेत, हे त्याचे स्वप्न होते. स्त्रियांसाठीही त्याने स्वतंत्र नमुना दिला.

९/
प्रत्यक्षात घडले ते उलटे. तूता प्रथम मिरवली ती फ्लॉरेन्समधील उच्चभ्रू, कलासक्त मंडळींनी. ज्या सामान्य माणसासाठी ती रचली होती, त्याने ती तितक्या उत्साहाने स्वीकारली नाही. यात नवल वाटण्याचे कारण नाही. आठवड्याचे सहा दिवस कामाचा कपडा घालणाऱ्याला सातव्या दिवशी त्यातून सुटका हवी असते. श्रमाचा वेष गंमत म्हणून अंगावर घेणे त्यालाच जमते, ज्याला कोणी श्रमिक समजण्याची भीती नसते. थायातचा पोशाख हरला, शब्द मात्र जिंकला : आजही इटलीत कामगाराच्या ओव्हरऑलला आणि खेळाडूच्या ट्रॅकसूटला 'तूता' म्हणतात.

१०/
हेच स्वप्न त्या सुमारास मॉस्कोतही पाहिले जात होते. १९२२ च्या सुमारास कलावंत अलेक्सांद्र रोदचेन्को याने स्वतःसाठी मोठ्या खिशांचा कामाचा सूट आखला. तो शिवला त्याची पत्नी आणि तोलामोलाची कलावंत वार्वारा स्तेपानोवा हिने. १९२३ साली तिने लिहिलेल्या लेखाचा आशय असा : कपड्यावर वरून चिकटवलेली सजावट नको, काम करताना गरजेची असलेली शिवण, खिसा आणि बंद यांतूनच त्याचे रूप सिद्ध व्हावे. विचार क्रांतिकारक होता. परंतु रोदचेन्कोचा सूट कामगारांसाठी कारखान्यातून कधीच निघाला नाही. तो उरला छायाचित्रात, एका कलावंताच्या अंगावर.

११/
अमेरिकेने याच काळात तिसरा धडा दिला. एप्रिल १९२० मध्ये कपड्यांच्या चढ्या किमतींचा निषेध म्हणून दक्षिणेकडील शहरांत 'ओव्हरऑल क्लब' निघाले. वकील, कारकून, विद्यार्थी, राजकारणी सूट-टाय टाकून कामगारांच्या ओव्हरऑलमध्ये वावरू लागले. हेतू स्वच्छ होता. परिणाम विपरीत झाला. मागणी वाढताच ओव्हरऑलच महागू लागले आणि ज्यांना दुसरा कपडा परवडतच नव्हता त्यांच्या वतीने तक्रार उमटली. निषेधाची लाट काही आठवड्यांत ओसरली. दुसऱ्याचा गरजेचा कपडा आवडीने उचलताना त्याची किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न तेव्हापासून या पोशाखाला चिकटला आहे.

१२/
मग आले दुसरे महायुद्ध. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांची दारे स्त्रियांसाठी उघडली. १९४२ साली व्हेरा मॅक्सवेल या अमेरिकी रचनाकर्तीने स्पेरी कंपनीच्या कामगार स्त्रियांसाठी अखंड पोशाख आखला. २९ मे १९४३ च्या 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'च्या मुखपृष्ठावर नॉर्मन रॉकवेलने निळ्या ओव्हरऑलमधील, मांडीवर रिव्हेट ठोकण्याचे यंत्र घेऊन डबा खाणारी 'रोझी' रंगवली. पाय फाकवून, बाह्या सारून, कोणाचीही पर्वा न करता बसलेली स्त्री मुखपृष्ठावर येणे ही मोठी गोष्ट होती. युद्ध संपले आणि असंख्य रोझींना घरी धाडण्यात आले. पोशाख राहिला, पगार गेला.

१३/
लंडनमध्ये त्याच पोशाखाचा 'सायरन सूट' झाला. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजताच रात्रीच्या कपड्यांवरून चढवायचा आणि आसऱ्याला पळायचे. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांचा हा आवडता वेष. चार्टवेल येथील घरी विटा रचण्याचा छंद जोपासताना त्यांना बॉयलर सूटची गोडी लागली होती. पुढे त्यांच्यासाठी टर्नबुल अँड ॲसर या उंची कपडे शिवणाऱ्या पेढीने मखमलीचे सायरन सूटही शिवले. एकाच शहरात एकाच रात्री कोणी घोंगडीच्या कापडाचा तर कोणी मखमलीचा जम्पसूट घालून बाँब पडण्याची वाट पाहत होते. आकार समान झाला म्हणून माणसे समान होत नाहीत, हे थायातला सांगायला इतिहासाने वीस वर्षे घेतली.

१४/
भारतात हा पोशाख कोणाच्या वाट्याला आला, याची दोन चित्रे पुरेशी बोलकी आहेत. १९३६ साली सरला ठकराल यांनी लाहोरला विमान चालवण्याचा परवाना मिळवला, तो साडी नेसून उड्डाण करत. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या हवाई दलाच्या लढाऊ शाखेत दाखल होणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. त्यांची छायाचित्रे उड्डाणाच्या ओव्हरऑलमधील आहेत. साडीतील वैमानिक कमी आधुनिक होती असे नाही. दरम्यानच्या ऐंशी वर्षांत बदलले ते हे की, ओव्हरऑल ज्या कामाचा आहे ते काम स्त्रीला मिळू लागले. कपड्याने स्त्री मोकळी होत नाही. काम मिळाले की कपडा मागोमाग येतो.

१५/
युद्धोत्तर पॅरिस आणि न्यूयॉर्कने जम्पसूटला दिवाणखान्यात आणले. १९६८ साली इव्ह सां लोराँ यांनी वैमानिकांच्या पोशाखाची आठवण देणारा, झिप असलेला जम्पसूट स्त्रियांसाठी सादर केला. सत्तरच्या दशकात नॉर्मा कमाली हिने प्रत्यक्ष हवाई छत्र्यांच्या रेशमातूनच जम्पसूट बेतले. छत्रीच्या दोऱ्या कपड्याच्या नाड्या झाल्या. ही रचना देखणी होती आणि प्रामाणिकही, कारण कापडाने आपले मूळ लपवले नव्हते. या काळातील बाकी बऱ्याच जम्पसूटांविषयी मात्र हे म्हणता येत नाही. त्यांच्यावर खिशांची झाकणे होती, खिसे नव्हते.

१६/
रंगमंचाने त्याला टोकाला नेले. १४ जानेवारी १९७३ च्या हवाई बेटांवरील उपग्रह-प्रक्षेपित कार्यक्रमात एल्व्हिस प्रेस्ली पांढऱ्या जम्पसूटवर रत्नजडित गरुड घेऊन अवतरला. तो बिल ब्ल्यू यांनी आखलेला होता. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारुख बुलसाराने, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीने, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा अंगासरशी वेष गाजवला. स्वीडनच्या 'ॲबा' गटाच्या चकचकीत पोशाखांमागे करसवलत होती, असे गटातील ब्यॉर्न उल्व्हेअस यांनीच पुढे सांगितले : रोज वापरता येणार नाहीत अशाच कपड्यांवर ती मिळे. सर्वांनी रोज घालावा म्हणून जन्मलेला कपडा अर्धशतकात असा झाला, की तो कोणीच रोज घालू शकणार नाही हीच त्याची किंमत ठरली.

१७/
आता दुसरी बाजू. अमेरिकेतील अनेक तुरुंगांत कैद्यांना नारिंगी जम्पसूट दिला जातो. पट्टा नाही, काढण्याजोगे सुटे भाग नाहीत, दुरून ओळखू येणारा रंग. ११ जानेवारी २००२ रोजी सुरू झालेल्या ग्वांतानामोच्या बंदिशाळेतील गुडघे टेकलेल्या नारिंगी आकृतींनी हा पोशाख जगाच्या स्मरणात कोरला. पुढे तो बंद करा म्हणणाऱ्या निदर्शकांनी लंडन-वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर तोच नारिंगी जम्पसूट स्वेच्छेने घातला. २०१४ साली मिशिगनमधील सॅगिनॉ परगण्याच्या तुरुंगाने तर नारिंगी सोडून काळे-पांढरे पट्टे स्वीकारले. एका लोकप्रिय मालिकेमुळे नारिंगी फॅशनेबल झाला, अशी तेथील शेरीफची तक्रार होती. लादलेल्या वेषालाही बाजार किती लवकर गाठतो, याचा हा पुरावा.

१८/
भारतीयांनी जम्पसूट सर्वाधिक पाहिला तो कोणत्याही रॅम्पवर नव्हे, २०२० च्या कोविड कक्षांत. डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा 'कव्हरऑल' वर्षारंभी देशात जवळजवळ तयारच होत नव्हता. मे महिन्यापर्यंत रोजचे उत्पादन लाखांच्या घरात गेले. कोइमतूरच्या 'सिट्रा' संस्थेत कृत्रिम रक्ताचा दाब देऊन कापडाची आणि शिवणीची चाचणी होई, कारण सुईचे प्रत्येक छिद्र ही विषाणूची वाट. म्हणून शिवणींवर पट्टी चिकटवणे आले. आत परिचारिका आणि डॉक्टर घामाने निथळत. एकदा चढवला की पाळी संपेपर्यंत पाणी पिणे नाही, स्वच्छतागृहात जाणे नाही. अखंड कपड्याचा जुना पेच पुन्हा उभा राहिला होता : यातून बाहेर कसे पडायचे?

१९/
आणि ज्यांना हा पोशाख मिळतच नाही, त्यांचे काय? २०१३ चा हाताने मैला साफ करण्यावरील बंदीचा कायदा आणि त्याखालील नियम, गटारात वा मैलाटाकीत उतरणाऱ्याला संरक्षक साधने आणि पोशाख देणे बंधनकारक करतात. तरीही माणसे साध्या कपड्यांत, कधी केवळ चड्डीवर उतरवली जातात आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली. बॉयलर सूट ज्या कारणासाठी जन्मला, ते कारण इथे अजून जिवंत आहे. पोशाखच पोहोचलेला नाही. जम्पसूटच्या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारे पान हेच.

२०/
येथे एक आक्षेप येईल. एका कपड्यावर इतका इतिहास कशाला लादायचा? लग्नाला, महाविद्यालयाच्या संमेलनाला जम्पसूट घालणाऱ्या मुलीने गटारकामगाराचा विचार करत आरशासमोर उभे राहावे काय? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. आनंदासाठी नटणे हा गुन्हा नव्हे, आणि अपराधी भावनेने कोणाला संरक्षक पोशाख मिळत नाही. तो मिळतो अंमलबजावणीने, अंदाजपत्रकातील तरतुदीने आणि सफाई यंत्रांनी. परंतु इतिहास जाणण्याचा एक साधा लाभ आहे : कपडा कशासाठी घडला हे कळले, की तो वाईट कधी शिवला जातो तेही कळते. जम्पसूट घालण्याच्या पुढील सूचना त्या जाणिवेतूनच निघतात.

२१/
पहिली सूचना मापाची. जम्पसूट बिघडतो तो कमरेत नव्हे, उंचीत. खांद्यापासून जांघेपर्यंतची लांबी कमी पडली तर बसताना खांदे ओढले जातात. जास्त झाली तर कापड खाली लोंबते. म्हणून विकत घेताना आरशासमोर उभे राहून निर्णय घेऊ नये. खुर्चीवर बसावे, वाकून बुटाची नाडी बांधावी, दोन्ही हात वर करावेत. बॉयलरमध्ये वाकणाऱ्या कामगाराची हीच कसोटी होती. त्याचबरोबर झिप एकट्याने उघडता येते का, हेही पाहावे. पाठीवर झिप असलेला जम्पसूट देखणा असला, तरी स्वच्छतागृहाच्या दाराशी मैत्रिणीला हाक मारायला लावतो.

२२/
दुसरी सूचना कापडाची. मुंबई-कोकणच्या दमट हवेत अंगभर पॉलिस्टर म्हणजे २०२० च्या कक्षातील घामाची स्वखुशीने घेतलेली आवृत्ती. सुती, लिनन, खादी किंवा धुऊन मऊ झालेले डेनिम घ्यावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात फिक्या रंगाची खादी उत्तम. डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडाचा वारसा सांगायचा तर मांजरपाटाचा जम्पसूटही बेतता येतो : निळीत रंगवला की त्याला कोणत्याही महागड्या नावाची गरज उरत नाही. समारंभासाठी रेशीम वापरावे, पण अस्तर सुती ठेवावे. एकच रंग अंगभर असल्याने पोत जितका चांगला, तितका कपडा उठून दिसतो.

२३/
तिसरी सूचना कमरेची आणि थरांची. थायातच्या नमुन्यातही पट्टा होताच, कारण सरळ बेतलेल्या कपड्याला आकार पट्टा देतो. चामड्याचा पट्टा कामाच्या दिवशी, कापडी बंद सणासुदीला. पैठणीच्या उरलेल्या काठाचा पट्टा साध्या काळ्या जम्पसूटवर विलक्षण शोभतो. उकाड्यात गॅरेजमधील यांत्रिक करतात तसे बाह्या काढून कमरेशी गाठ मारावी, आत साधा टी-शर्ट. बिनबाह्यांच्या डांगरीखाली सुती सदरा. थंडीत वरून बंडी किंवा जाकीट. मोठी ओढणी एका खांद्यावरून सोडली तर अखंड रंगाची उभी रेघ मोडते आणि डोळ्याला विसावा मिळतो.

२४/
चौथी सूचना पायांची आणि दागिन्यांची. पायघोळ जम्पसूटचा घोळ जमिनीला टेकू नये. ज्या पादत्राणांवर तो घालायचा आहे ती घालूनच दुमड ठरवावी. बॉयलर सूटवर कॅनव्हासचे बूट किंवा जाड तळव्याचे जोडे. घोट्याच्या वर दुमडलेल्या सुती जम्पसूटवर कोल्हापुरी चप्पल. एक ठसठशीत दागिना पुरतो : चांदीची ठुशी किंवा मोठे झुमके, दोन्ही एकदम नकोत. पुरुषांनीही संकोच सोडावा. हा पोशाख मूळचा कामगाराचा. गडद निळा किंवा मातकट रंग, सरळ बेत, दुमडलेल्या बाह्या, एवढ्यावर तो डौलदार दिसतो.

२५/
पाचवी सूचना खिशांची, आणि तिच्यावर तडजोड नसावी. स्तेपानोवाच्या मताप्रमाणे रूप उपयोगातून यावे. खोटे खिसे, न उघडणारी बटणे आणि नुसते झाकण शिवलेला जम्पसूट स्वतःच्या पूर्वजांची टिंगल करतो. हात घालून पाहावा. फोन, चावी, रुमाल मावत नसेल तर ठेवून द्यावा. शक्य असल्यास विकत घेण्यापेक्षा गल्लीतील शिंप्याकडून शिवून घ्यावा : आत माया सोडायला सांगावी, म्हणजे अंग बदलले तरी कपडा साथ देतो. अमेरिकेतील 'रॅशनल ड्रेस सोसायटी' नावाच्या कलाप्रकल्पानेही अलीकडे हाच मार्ग धरला. स्त्री-पुरुष भेद न मानणारा, कितीतरी मापांतील जम्पसूट आणि त्याचा खुला नमुना.

२६/
कामगाराने गरजेपोटी घातला, कलावंताने स्वप्नापोटी, कैद्याने सक्तीने, परिचारिकेने कर्तव्याने. आज कपाटातून जम्पसूट काढणाऱ्या तरुण-तरुणीकडे या सर्वांकडे नसलेली एक गोष्ट आहे : तो न घालण्याची मुभा. ती मुभा असलेल्यांनी तो आनंदाने घालावा, नीट बेतून घ्यावा, खिसे तपासावेत. आणि आपल्या वस्तीत गटाराचे झाकण उघडलेले दिसले, तर आत उतरणाऱ्याच्या अंगावर काय आहे याची चौकशी पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात करावी. थायातने समतेसाठी कपडा छापला होता. तो कपडा ज्याला खरोखर हवा आहे त्याच्या अंगावर गेला, तर १९२० च्या त्या कागदी नमुन्याचे काम थोडेफार पुरे होईल.

(थ्रेड समाप्त)